तांब्यावरचा अंगठा

लोकर संस्थेचा स्थापनेचा कागद इतका जीर्ण झाला होता, की त्याची घडी उघडताना सचिव भाऊसो श्वास रोखून धरत. शेवटी तो जसाच्या तसा तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायचं ठरलं. पण हरणाबाई आडव्या आल्या. कागदावर त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा अंगठा होता, विळा लागल्याच्या खुणेसकट. मेंढरांमागं फिरणाऱ्या त्या माणसानं जन्मात फोटो काढला नव्हता. मागं राहिला तो एवढा अंगठाच.

"आवं काकी, रेघ न् रेघ उतरवून आणतो," भाऊसोंनी शब्द दिला.

सांगलीत भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिरानं अक्षरं, अंगठे, अगदी चहाचा डागसुद्धा कोरला आणि रेघांत काळा रंग भरून दिला. भाऊसो खुशीत जतला परतले, पत्रा घरी ठेवला आणि अनावरणाच्या कार्यक्रमाचा मांडव बघायला गेले. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

कार्यक्रमात पत्र्यावरचं फडकं निघालं आणि लोकांना त्यात आपापली तोंडं दिसली.

"ह्यो आरसा कशाला आणलाय गड्या?" एकानं विचारलं.

भाऊसोंनी बायकोकडं बघितलं. "मंगल, काय केलंस?"

"देवापुढं काळा पत्रा कसा ठिवायचा? चिंच लावून घासला. रेघारेघांतनं लय काळा मळ निघाला बघा!"

हरणाबाई पुढं आल्या. "माझ्या मालकाचा अंगठा कुठाय रं?"

भाऊसोंनी घाईनं मूळ कागद काढला. मांडवात पंखा चालू आहे, हे ते विसरले. अंगठ्याचा कोपरा मोडला आणि भुगा होऊन उडाला. आता म्हातारीला काय तोंड दाखवायचं, भाऊसोंना कळेना.

मागच्या मंडळींना यातलं काहीच कळलं नव्हतं. कागद वर दिसला, म्हणजे कार्यक्रम सुरू झाला!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मूठमूठ भंडारा उधळला गेला. पत्रा, पंखा, भाऊसो, सगळे हळदीनं पिवळे झाले.

काहीतरी करायचं म्हणून भाऊसोंनी रुमालानं पत्रा पुसला. वरची हळद गेली, रेघांतली राहिली. लालबुंद तांब्यावर पिवळीधमक अक्षरं उमटली. खाली अंगठा, मधोमध विळ्याची खूण.

भाऊसोंनी रोखलेला श्वास सोडला.

हरणाबाई खुणेवरून बोट फिरवत राहिल्या. मग डोळे पुसून हसल्या.

"लग्नात हळद लावाय गेलं, तर गडी मेंढरामागं पळाला हुता. आज बरा घावला!"