मधला झाका

धारवाडजवळ उणकलला आमच्या घरी आमचे जुने स्नेही गोविंदअण्णा आले की चपला काढून थेट भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोसमोर उभे राहतात, एक डोळा मिटतात आणि मला व माझ्या बायकोला अंगठ्यानं झाकून टाकतात.

"अण्णा, नवरानवरीच झाकल्यावर राहिलं काय?" ही कुरकुरते.

"बाकी सगळं राहिलं की, वहिनी! मधला झाका, बाजूचे बघा."

ही सवय नोकरीतली. धारवाडला एका प्रयोगशाळेत त्यांनी जन्मभर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवला. धातूच्या पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनचा झोत गेला की पडद्यावर ठिपके उमटतात; त्यांवरून आत अणू कसे रचलेत ते कळतं. पण मधला ठिपका इतका झगझगीत, की बाजूचे फिके दिसतच नाहीत. म्हणून तो सुईनं झाकायचा. मग फिके ठिपके जोडीजोडीनं दिसतात, मध्याच्या अल्याड एक, पल्याड एक. "अंतर सारखंच भरतं," अण्णा बजावतात. "नाही भरलं तर चूक मोजणाऱ्याची."

निवृत्तीनंतर सुई गेली, अंगठा उरला. एका सत्काराला त्यांनी पहिल्या रांगेतून प्रमुख पाहुण्यांवरच अंगठा धरला. पाहुण्यांनी खूश होऊन आपलाही अंगठा उंचावून दाखवला.

गेल्या दिवाळीत मी विचारलं, "अण्णा, आमच्या फोटोत बाजूला आहे तरी काय?"

"या इकडं. झाका."

मी झाकलं. डाव्या कडेला अक्षतांचं ताट धरून शांताक्का, अण्णांच्या पत्नी. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. उजव्या कडेला काळ्याभोर केसांचे अण्णा. आम्ही मधून गेलो, तशी दोघं सरळ एकमेकांकडे बघून हसत होती.

"तिला फोटोची भारी लाज. आम्हा दोघांचा एवढा एकच. बघा, अंतर सारखं!"

"प्रत काढून देऊ?"

"इरली, इरली, राहू दे. मग इथला चहा बंद व्हायचा."

ते गेल्यावर मला राहवेना. माझं आयुष्य आकडे तपासण्यात गेलंय. फूटपट्टी लावली. मध्यापासून शांताक्का साडेतीन इंच, अण्णा चार.

पुढच्या रविवारी अण्णा फोटोसमोर उभे राहिले. "मोजलंत म्हणे? वहिनी सांगत होत्या." अंगठा तसाच धरलेला, मान माझ्याकडे वळवली नाही. "सारखंच ना?"

चहा गाळता गाळता ही थांबली.

"सारखंच," मी म्हणालो.