उशीखालचा रुमाल

हवालदाराच्या उशीखालचा रुमाल चकचकबाईंनी सोड्याच्या पाण्यात उकळला, घट्ट पिळला आणि दोरीवर टाकताना स्वतःवरच खूश झाल्या. लढाईने गावाचं बरंच काही नेलं होतं. बाईंना मात्र शाळेत उतरलेल्या सैनिकांकडे घरकामाची नोकरी दिली होती. मळकी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत; नाव त्यामुळेच पडलेलं.

"मावशी, उशीखालचं फडकं कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"आता रुमाल म्हणा त्याला! कोणाच्या डोक्याचं तेल होतं हो एवढं?"

"बायकोच्या," म्हणत तो मटकन खाटेवर बसला.

पत्ते खेळणाऱ्यांनी डाव मिटवला. उद्या सकाळी तुकडी आघाडीवर निघणार होती, आणि ज्या वासावर हा माणूस इतके महिने झोपला, तो मोरीतून वाहून गेला होता.

"तेलच ना? आत्ता लावते," बाई म्हणाल्या. स्वयंपाकाला असलेल्या धाकट्या जावेची बाटली त्यांनी आणली. हवालदाराने हुंगलं.

"हा मेव्हणीचा वास झाला."

खोलीत हशा पिकला. मदत म्हणून एकाने दाढीनंतरची पावडर भुरभुरली. आता मेव्हणी थेट न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली. रुमाल पुन्हा पाण्यात.

"जाऊबाई, बाईमाणसाचा वास बाटलीत मिळतो होय?" धाकटी करवादली. "डोक्याला बांधा आणि राबा."

बाईंनी बांधला. फरशा घासल्या, पोतंभर कांदा चिरला, चूल फुंकून फुंकून घामाघूम झाल्या. दिवेलागणीला रुमाल सोडून हवालदाराच्या हातात दिला. त्याने बराच वेळ नाकाशी धरला.

"जमलं?"

"नाही, मावशी."

"काय कमी पडलं?"

"कमी नाही, जास्त झालंय. माझी बायको एवढं काम नाही हो करत. आळशी आहे. जेवली की पसरते. भांडी मीच घासायचो, घासता घासता बोंबलायचो."

खोली खदखदून हसली. तोही हसला, हसता हसता त्याने रुमालाने डोळे पुसले, आणि मग तो रुमाल तोंडावरून काढेचना. पत्तेवाले उगाचच पुन्हा पत्ते पिसू लागले.

बाई घराकडे निघाल्या. त्यांचा नवराही आघाडीवरच होता, दुसऱ्या कुठल्यातरी. निघताना त्याने खुंटीवरची बाईंची मळकी शाल ओढून बॅगेत कोंबली होती. "अहो, थांबा, धुऊन तरी देते," म्हणत त्या दारापर्यंत धावल्या होत्या. तो थांबला नव्हता. तेव्हापासून बाईंना एकच लाज, परक्या बायका ती शाल बघून काय म्हणत असतील!

आज मात्र भर रस्त्यात थांबून त्यांनी हात जोडले. देवा, आमचे हे उतरले असतील तिथे कामाला येणारी बाई चांगली अंगचोर निघू दे.