सत्तावीस नंबरचे भागडीकर

एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, दिगंबर भागडीकर यांचा एक चेंडू चुकला. चेंडू पॉकेटच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर होता. मध्ये काही नव्हतं. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी क्लबात तो चेंडू कुणीही घातला असता, क्लबाच्या सेक्रेटरींनीसुद्धा. त्या वेळी भागडीकर सात विरुद्ध दोन असे पुढे होते. पूलमध्ये चेंडू पंधरा, आणि ज्याचे आधी आठ पडले त्याने डाव जिंकला. त्यानंतर भागडीकरांनी अकरा फटके मारले. एकही चेंडू पडला नाही. उरलेले सहाही समोरच्या तिवारींनी घातले. सहा वर्षांत भागडीकर पहिल्यांदा हरले.

वेळ मला नक्की माहीत आहे, कारण गुण मी लिहीत होतो. मी तेव्हा शहरातल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो आणि कुठल्याही नोंदीपुढे वेळ टाकायची मला सवय होती. वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, म्हणून आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरात राहत होतो. भागडीकर शेजारी. मी त्यांना काका म्हणत असे.

काका एक्झामिनर होते. तोफगोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. गोळा फुटतो तो त्याच्यामुळे. हे फ्यूज तपासणं त्यांचं काम. माल चांगला असला तर ते त्यावर आपला शिक्का उठवत. नंबर सत्तावीस. नसला तर लाल ठिपका. चोवीस वर्षं हे केल्यावर त्यांना जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसू लागल्या होत्या.

घमापूरच्या बाजारात ते वांगं कानाशी धरून टिचकी मारत. पाव किलो वांग्यांना अर्धा तास लागे. भाजीवाली एकदा म्हणाली, "भैया, सब्जी बनानी है कि ब्याह करना है इससे?" काकांनी ते वांगं परत ठेवलं आणि म्हणाले, "ब्याह के लिए तो बिलकुल फेल है." खिशात लाल पेन्सिलीचा तुकडा असे. नापास वस्तूवर ठिपका पडलाच पाहिजे, नाहीतर ती चुकून पुन्हा रांगेत येते, असं त्यांचं म्हणणं. ग्वारीघाटावर त्यांनी एका सकाळी सात नारळ वाजवून सातांवर ठिपके टाकले. नारळवाला हात जोडून म्हणाला, "बाबूजी, नर्मदा मैया तो सब रख लेती हैं." काका म्हणाले, "तिचं काम ठेवणं आहे. माझं काम तपासणं आहे." त्यानंतर तो नारळवाला त्यांना पाहिलं की गोणपाट ओढून माल झाकू लागला.

दिवाळीत आईनं त्यांच्याकडे बारा करंज्या पाठवल्या. दोन परत आल्या, ठिपक्यांसह. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं त्या दोन मोडून पाहिल्या. आत सारण नव्हतं.

लग्न झालं नव्हतं. मुलगी पाहायला ते आयुष्यात एकदाच गेले होते, नागपूरला. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "मुलगी पास. मी नापास." तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यांना जायला दोनच ठिकाणं होती, फॅक्टरी आणि क्लब. क्लबातलं टेबल इंग्रज सोडून गेले होते. फरशी एका अंगानं खचत होती, त्यामुळे दर वर्षी स्पर्धेआधी टेबल सरळ करावं लागे, आणि ते फक्त काकांना जमे. पाणसळ घेऊन ते दोन तास टेबलाखाली पालथे पडत आणि पायांखाली पत्त्यांचे तुकडे सरकवत. क्लबातल्या एकाही जोडात त्यामुळे बावन्न पत्ते नव्हते. रमीवाले त्यांच्यावर दात धरून असत. शेवटी ते एक चेंडू सोडत, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत आणि म्हणत, "पास." मग क्लबाची स्पर्धा सुरू होई आणि काही आठवड्यांनी कप काकांना मिळे.

एरवी सामने संध्याकाळी साडेसहाला असत. त्या वर्षी काकांचे पहिले चार तसेच झाले. मग लढाई सुरू झाली, ब्लॅकआउटमुळे टेबलावरचे दिवे लावता येईनात, म्हणून उरलेले सामने शनिवार-रविवारी दुपारी ठेवले. आठ खेळाडू, प्रत्येकाशी एक सामना. तिवारींशी झालेला सामना काकांचा पाचवा होता. त्या दुपारी गावाबाहेरच्या रेंजवर तोफा डागून गोळ्यांचं टेस्टिंग चालू होतं. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. चेंडू जागचे हलत नव्हते. टेबल काकांनी लावलेलं होतं.

सहावा सामना पुढच्या शनिवारी ड्रॉइंग ऑफिसातल्या नायर यांच्याशी. काका सहा-एक पुढे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी नेम धरला, धरून तसेच थांबले, आणि पांढरा चेंडूच पॉकेटमध्ये घातला. त्यानंतर काठी त्यांच्या हातात झाडूसारखी फिरली. हरले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेक्रेटरी देशमुखांशी. काका सात-शून्य पुढे. चार वाजून पाच मिनिटांनी तेच झालं. देशमुखसाहेबांनी आजवर त्या टेबलावर कुणालाही हरवलं नव्हतं. भागडीकर मुद्दाम हरत असल्याचा संशय म्हणूनच सर्वांत आधी त्यांना आला.

त्याआधी इतर कारणं शोधून झाली होती. फॅक्टरीच्या दवाखान्यात डोळे तपासले. डोळे उत्तम निघाले. नायर म्हणाले, पोट बिघडलं असेल. तिवारींनी आपलं पान खाणं बंद करून पाहिलं, कारण पिंक टाकायला ते उठत तेव्हा काकांचं लक्ष जातं असं कुणीतरी म्हणालं. आता मात्र लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. तिवारी फोरमनचे साडू होते. देशमुख लेबर ऑफिसात होते आणि बढतीची यादी तिथून निघे. काकांची बढती सात वर्षं अडली होती.

लढाई संपायच्या आदल्या संध्याकाळी क्लबाची समिती बसली. खिडक्यांना काळे कागद, टेबलावर एक मेणबत्ती. मला गुणांची वही घेऊन बोलावलं होतं.

"भागडीकर, काहून हरून राहिले तुम्ही?" देशमुखांनी विचारलं.

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"खेळात नव्हतं."

"ते आम्हाला दिसलं. सात-शून्यवरून माझ्याशी हरता तुम्ही. माझ्याशी. मी काय म्हणतो, काही त्रास आहे? घरचं काही?"

"घरी कोण आहे, साहेब?"

तिवारी कोपऱ्यात होते. ते म्हणाले, "देखिए भागडीकरजी, मुझे खैरात की जीत नहीं चाहिए."

"आपकी जीत में कोई खोट नहीं है, तिवारीजी. सहाही चेंडू साफ गेले."

"मग सांगा ना कारण," देशमुख म्हणाले. "एक कारण सांगा, मी लिहून घेतो, चलो, विषय संपला."

काका उठून उभे राहिले. ते म्हणाले, "सांगण्यासारखं नाही."

देशमुखांनी नोंदवहीत लिहिलं : 'मुद्दाम हरले. सदस्यत्व रद्द.' नाव काढायचं असलं की ते लाल शाई वापरत. काकांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "शाई बरोबर आहे." मग आपली काठी कोपऱ्यात उभी केली आणि गेले.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. लढाई संपून तीन दिवस झाले होते. रस्त्यात ढोल वाजत होते, घराघरांत पेढे येत होते. काका मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. पुढे दोन वाट्या. एकीत चिंचोके, दुसरीतही चिंचोके. मी पेढा पुढे केला. त्यांनी हातानं थांब म्हटलं.

रेंजवर तोफ उडाली. त्यांनी पहिल्या वाटीतून एक चिंचोका उचलला. थोड्या वेळानं लांबून दुसरा आवाज आला, बारीक, पोत्यावर मूठ मारल्यासारखा. चिंचोका दुसऱ्या वाटीत पडला. पुन्हा तोफ, पुन्हा चिंचोका.

मी त्या आवाजात जन्मलो. जबलपूरच्या माणसाला रेंज ऐकू येत नाही. बाहेरगावचा पाहुणा दचकतो तेव्हा आठवण होते. एका तोफेमागे दोन आवाज असतात हे मला त्या दिवशी कळलं. पहिला गोळा सुटल्याचा, दुसरा फुटल्याचा.

आठव्या की नवव्या वेळी तोफ उडाली आणि चिंचोका काकांच्या बोटांत राहिला. दुसरा आवाज आला नाही. ते वाट पाहत होते. पुढची तोफ उडाली, गोळा फुटला, त्याच्या पुढची उडाली. काकांनी वाटीला हात लावला नाही. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून सात मिनिटं.

"नाही फुटला," ते म्हणाले.

"त्या रविवारी, तिवारींशी खेळताना असंच?"

"तेव्हा एक."

"शनिवारी? नायरच्या वेळी?"

"तेव्हा पण. अन् देशमुखसाहेबाच्या वेळी लागोपाठ दोन." त्यांनी चिंचोका बाजेवर ठेवला. "संध्याकाळी रेंज बंद राहते. तेव्हा माणूस खेळू शकते."

"फ्यूज सत्तावीसचे होते?"

"नाही. सोमवारी कळते आम्हाला. सत्तावीसचा एकही नव्हता."

"मग?"

"मग काय मग? ज्याच्या हातात गोळा जाते तो काय नंबर पाहून राहते? इथं नाही फुटला तर माती उडत नाही, बस. तिथं नाही फुटला तर... समोरचा थांबते काय त्याच्यासाठी?"

मी म्हटलं, लढाई तर संपली.

"आज पास केलेला गोळा दहा वर्षांनी निघते, वसंता. लढाई संपली हे त्याला कोण सांगते?"

मी म्हटलं, माझ्या वहीत वेळा आहेत, मी आत्ता जाऊन देशमुखांना दाखवतो.

"काय सांगशील? लढाई चालू असताना आपले गोळे फुटले नाही, हे? अन् सांगणार कोण, तर पेपरवाला." ते प्रथमच माझ्याकडे वळले. "मी गुप्ततेच्या कागदावर सही करून बसलो आहे रे चोवीस वर्षांपासून. गेटच्या आतलं गेटच्या आत."

"लोक तुम्हाला लबाड म्हणून राहिले, काका."

"म्हणू दे. लबाड माणूस एक वेळ चालते. फेल गोळा नाही चालत." मग त्यांनी पेढा घेतला, उलटून पाहिला, खाल्ला. "चहा घेतो काय? कप तपासलेले आहे."

मी देशमुखांना सांगितलं नाही. छापलंही नाही. कप त्या वर्षी तिवारींना मिळाला. तो त्यांनी घरी नेला नाही. क्लबाच्या कपाटातच राहू दिला.

क्लब सुटल्यावर काकांचा दिवस पाच वाजता संपे. साडेसहाला ते स्वयंपाक करत. आमच्या भिंतीतून भांड्यांचा आवाज येई. बोलण्याचा आला असं मला आठवत नाही. आईनं पुन्हा करंज्या पाठवायला सुरुवात केली. एकही परत आली नाही, तेव्हा तिला काळजी वाटली. ती मला म्हणाली, "अरे, मी मुद्दाम एक रिकामी ठेवली होती."

पुढच्या वर्षी स्पर्धेआधी टेबल पुन्हा कललं. तिवारींनी पत्त्यांचे तुकडे सरकवून पाहिले, देशमुखांनी सुताराला बोलावलं. चेंडू एका कोपऱ्यात जमत राहिले. शेवटी देशमुखांनी माझ्याकडे निरोप दिला. सदस्यत्वाचं त्यात काही नव्हतं. काका एका सकाळी पाणसळ घेऊन गेले, दोन तास टेबलाखाली राहिले आणि लोक यायच्या आत निघून आले. त्यानंतर दर वर्षी ते असेच जात. सामना पाहायला कधी थांबले नाहीत. रिटायर झाल्यावरही दोनदा गेले.

आता ते नाहीत. देशमुखही नाहीत. समितीचा निर्णय मागे घेतला गेला नाही. नोंदवहीत तो लाल शाईत आहे.

गेल्या वर्षी फरशी बदलायची म्हणून टेबल हलवलं. मागच्या उजव्या पायाखाली बदामाच्या दुर्रीचा अर्धा तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे : पास. सत्तावीस.