दोनशेवर थांबलेला काटा

डॅशबोर्डवरचा काटा पुन्हा उडाला आणि रत्नपालचा जीव भांड्यात पडला. चेहरा मात्र त्याने व्यवस्थित पाडला आणि इंजिन बंद करून तो विमानातून खाली उतरला.

"न्हाई जमत," तो म्हणाला. "पेट्रोलचं प्रेशर एकदा चार पौंड दाखवून राहिलं, एकदा शून्य. पेट्रोल पोचलंच न्हाई अन् इंजिन वरच बंद पडलं तर?"

"तर मग नकाच उडवू," दगडोबा म्हणाला. डोंगरकडा गावच्या शिवारातलं त्याचं रान म्हणजे या विमानाची धावपट्टी. "पण रत्नपालभाऊ, मिरगाच्या आत काय ते करा. मला हळद लावायचीय."

रत्नपाल काही ऐरागैरा मेकॅनिक नव्हता. कळमनुरी तालुक्यात कुणाच्या ट्रॅक्टरचा पंप रुसला की आधी त्याचीच आठवण व्हायची. सहा वर्षं खपून त्याने पत्र्याच्या शेडमध्ये हे एका माणसापुरतं विमान उभं केलं होतं. गावाने सत्कारही उरकून घेतला होता, नारळ आणि शालीसकट. उद्या हैदराबादहून तपासणीचा इंजिनिअर येणार होता. त्याने होकार दिला की रत्नपालने लायसन्स काढायचं आणि उडायचं, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं.

गोची इथेच होती. गेल्या दसऱ्याला हिंगोलीच्या जत्रेत रत्नपाल हौसेने आकाशपाळण्यात बसला. पाळणा वर जाऊन थांबला, आणि आपल्याला उंची सोसत नाही हे त्याला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. खाली आल्यावर "भजी बाधली" म्हणून त्याने वेळ मारून नेली. पण सहा वर्षं सगळ्यांना विमानाच्या गोष्टी सांगितलेल्या. आता भज्यांवर भागणार नव्हतं. अशात हा काटा उडायला लागला आणि रत्नपालला तो सख्ख्या भावासारखा वाटला.

मग त्याने दुरुस्तीला मनापासून वेळ लावला. फिल्टर बदलला, त्यात महिना गेला. पंप बदलला, त्यात दोन गेले. नळीत हवा अडकली असेल असं दगडोबा म्हणाला, तर त्याने नळी मुळापासून उपसून काढली. उन्हाने पेट्रोल उकळत असेल असं दगडोबा म्हणाला, तर त्याने शेडला ओल्या गोणपाटांचे पडदे लावले. काटा उडतच राहिला आणि रत्नपालला छान झोप लागत राहिली.

पण आज त्याची बायको करुणा रजा टाकून शेडमध्ये आली होती. करुणा आरोग्य उपकेंद्रात सिस्टर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, एखाद्याचं बीपी एकदा दोनशे अन् एकदा साठ आलं, तर मी काय त्याचं काळीज बदलते का?"

"मग काय करतेस?"

"दुसऱ्या मशीननं मोजते. तुमी सात महिने पेशंटच फाडून राहिले. मशीन कवा तपासलं?"

"एवढ्या बारीक प्रेशरचं दुसरं मीटर आणू कुठून? माझी सगळी ट्रॅक्टरची, मोठाली."

करुणाने पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं आणि दंडाचा पट्टा सोडवून रबरी नळीसकट तबकडी त्याच्या हातात दिली. "हे तीनशेपर्यंत मोजतं. लावा."

रत्नपालने मनातल्या मनात गणित केलं आणि तो हादरला. तीनशे म्हणजे जेमतेम सहा पौंड. विमानाचं प्रेशर बरोबर या तबकडीत मावत होतं. नाइलाजाने त्याने लांब नळी घालून ती पेट्रोलच्या पाइपाला जोडली आणि इंजिन चालू केलं. डॅशबोर्डवरचा काटा नाचत होता. करुणाचा काटा मात्र थांबला तो थांबलाच.

"दोनशे," दगडोबा वाकून म्हणाला. "जास्त हाये का?"

"तुमच्यासाठी जास्त. इंजिनासाठी बराबर," करुणा म्हणाली. "पेशंट धडधाकट हाये. मशीन खोटं बोलून राहिलं."

दगडोबा मीटरची वायर बोटाने चाचपत गेला. ती जिथे कसली होती ती पट्टी निळ्या रंगाने जाडजूड माखलेली होती. "भाऊ, तुमीच मला सांगितलं व्हतं ना, रंगावर वायर कसली की अर्थिंग भेटत न्हाई म्हून? मग हा रंग काहून दिला?"

"दसऱ्यानंतर रंगाचा हात मारला जरा," रत्नपाल पुटपुटला.

दगडोबाने पॉलिश पेपरने पट्टी खरवडली, वायर परत कसली. काटा चारवर गेला आणि मुक्काम ठोकून बसला. दगडोबा ही बातमी सांगायला गावाकडे पळाला. रत्नपाल विमानात बसून हसायचा प्रयत्न करत होता. कानशिलांवरून घाम ओघळत होता.

करुणाने इंजिन बंद करायला लावलं, तबकडी पाइपावरून काढून पुसली, पट्टा जोडला आणि त्याच्या दंडाला गुंडाळला. "एकशे सत्तर. उतरा खाली."

तो उतरला. दहा मिनिटांनी तिने पुन्हा मोजलं. "एकशे तीस. बसा." तो बसला. "एकशे बहात्तर. उतरा."

"हे काय करून राहिलीस?"

"बसलं की चढतं, उतरलं की उतरतं. ही काही मशीनची चूक न्हाई."

रत्नपालने चाकाकडे बघत सांगून टाकलं, "मला भ्याव वाटतं, करुणा."

"मला पाळण्यापासून ठावं हाये. भजी बाधलेला माणूस डोळे मिटून खांबाला मिठी मारत न्हाई."

"मग बोलली काहून न्हाई?"

"तुमी बोलाल म्हून वाट पाहून राहिले. अहो, ट्रॅक्टर नीट करणारा काय सगळ्यांची रानं नांगरतो? बनवणारा येगळा, उडवणारा येगळा. उद्या इंजिनिअरला मीच सांगते."

रत्नपालच्या छातीवरून सात महिन्यांचं ओझं उतरलं. इतकं मोकळं त्याला विमान पूर्ण झालं तेव्हाही वाटलं नव्हतं. डोळे पुसून त्याने विचारलं, "पण मग उडवणार कोण?"

करुणाने पदर खोचला, विमानात चढून बसली, पट्टा आपल्या दंडाला बांधला आणि स्टेथोस्कोप कानात घातला. "फुगा दाबा."

त्याने दाबला. हवा सावकाश उतरली.

"एकशे अठरा, शहात्तर," समोरच्या मोकळ्या रानाकडे बघत ती म्हणाली. "लायसन काढायला किती दिवस लागतात हो?"

रत्नपालने आपला दंड तिच्यापुढे केला.

"माझं अजून एकदा मोजतेस का?"