वीस अंडी आणि एक प्लग

सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकताच मार्लिस हूकस्ट्राबाईंची नजर अंडी उबवायच्या पेटीकडे गेली आणि त्या तिकडे धावल्याच. पेटीतला दिवा बंद होता. वायर प्लगमधून निघून जमिनीवर लोळत पडली होती. त्यांनी झाकण काढून एका अंड्याला हात लावला. अंडं फ्रीजमधून काढल्यासारखं गार होतं.

शुक्रवार त्यांना लख्ख आठवला. संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत चिलीची स्पर्धा होती. दरवर्षी सगळे शिक्षक खिमा नि राजमा घातलेली झणझणीत चिली विजेच्या भांड्यात दिवसभर रटरटत ठेवतात. सगळी भांडी शिक्षकांच्या खोलीत लावली की फ्यूज उडतो, म्हणून ज्याला जिथे प्लग सापडेल तिथे तो आपलं भांडं लावतो. बाईंच्या वर्गात प्लग एकच होता. तो पेटीचा होता. ‘दहाच मिनिटं’ म्हणून त्यांनी पेटीची वायर काढून आपलं भांडं लावलं होतं. मग परत वायर लावली होती का? लावलीच असणार. पण लावली असती तर दिवा बंद कसा?

अंडी मंगळवारी फुटायची होती. आणि मंगळवारीच मुख्याध्यापक क्विस्टसर बाईंचा तास बघायला येणार होते. आयोवातल्या या छोट्या गावात बाईंचं हे तिसरं वर्ष. सरांचा शेरा चांगला पडला तर नोकरी पक्की, नाहीतर जूनमध्ये रामराम. मागच्या खेपेला सर म्हणाले होते, “बाई, तुमच्या वर्गात मुलं फार प्रश्न विचारतात. धडा वेळेत संपत नाही.” बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चौथीच्या मुलांना विज्ञान पाठ करून येत नाही, ते खाली वाकून, हात लावून बघावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. फळ्याच्या वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : ‘बाई सांगतात म्हणून खरं मानू नका. आधी बघा, मग विचारा.’

आणि आता याच मुलांना सांगायचं की अंडी मेली? तीन आठवडे पोरं त्या पेटीला नाक लावून बसली होती. बाईंना रडूच आलं. पण रडून भागणार नव्हतं. त्यांनी मुकाट्याने वायर लावली आणि दिवसभर पोरांना पेटीजवळ फिरकू दिलं नाही.

शाळा सुटल्यावर त्या थेट शेतीच्या दुकानात गेल्या.

“पिल्लं हवीत. दोन.”

“सहापेक्षा कमी देता येत नाहीत, ताई. कायदाच आहे तसा,” दुकानदार म्हणाला.

“बरं, सहा द्या. अगदी नुकती जन्मलेली.”

“नुकतीच म्हणायची,” दुकानदार म्हणाला आणि लगबगीने खोका बांधायला लागला.

मग वाण्याकडून तपकिरी अंडी आणली. ती फोडून, धुऊन टरफलं डबीत भरली. आतल्याचं ऑम्लेट झालं, ते तसंच ताटात राहिलं. सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत येऊन त्यांनी मेलेली अंडी टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवली, पेटीत पिल्लं सोडली आणि भोवती टरफलं पसरली. लांबून बघितलं तर दृश्य छान दिसत होतं. जवळून बघायची बाईंची छाती झाली नाही.

तास सुरू झाला. क्विस्टसर मागच्या बाकावर वही उघडून बसले. पोरांनी एकच गिल्ला केला.

“आली! बाई, आली!”

“हो ना, पहाटेच आली,” बाई म्हणाल्या. आवाज जरा चिरकला.

डेला नावाची मुलगी मात्र वाट काढत पुढे आली. अंडी तिच्याच घरच्या कोंबड्यांची होती. ती पेटीत डोकावली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, ह्यांच्या पंखांना पिसं आलीयेत. आमच्याकडे तर नुकतं जन्मलेलं पिल्लू भिजलेलं, मरतुकडं दिसतं.”

“काही पिल्लं अंगानं लवकर भरतात,” बाई म्हणाल्या. 

“पण पहाटे जन्मून?”

“आणि टरफलावर खुणा कुठायत?” शेजारचा टकर ओरडला. “अंडी उलटवल्याचं कळावं म्हणून आपण प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. एकावर पण नाहीये!”

“शिवाय वीस अंडी होती, पिल्लं सहाच. बाकीची अंडी कुठे गेली?” कुणीतरी मागून विचारलं.

“आणि टरफलं बरोबर मधोमध फुटलीत,” डेला म्हणाली. “पिल्लू आतून टोचत टोचत गोल कापतं. ही तर तव्याच्या काठावर आपटल्यासारखी फुटलीत.”

क्विस्टसरांचं पेन वहीवर झरझर चाललं होतं. बाईंनी पाटीकडे पाहिलं. पाटी त्यांच्याकडेच बघत होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“खोटं बोलले मी,” त्या म्हणाल्या. “ही पिल्लं दुकानातली आहेत. आपली अंडी गारठून मेली. शुक्रवारी चिलीसाठी मी पेटीची वायर काढली आणि परत लावायला विसरले. चूक माझी आहे. मला फार वाईट वाटतंय, पोरांनो.”

 टकरचे डोळे भरून आले. सरांनी पान उलटलं. बाईंना जून महिना समोर दिसायला लागला.

तेवढ्यात डेलाने हात वर केला. “बाई, तुम्ही विसरलात हे तुम्हाला आठवतंय का?”

“म्हणजे?”

“म्हणजे नक्की आठवतंय की नुसतं वाटतंय?”

“लावली असती तर वायर खाली कशाला पडली असती, बाळ?”

“ते तुम्ही सांगताय. आपण बघितलं नाहीये,” डेला म्हणाली आणि तिने पाटीकडे बोट केलं.

टकर केव्हाच पेटीच्या टेबलाखाली शिरला होता. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. “प्लगपाशी काहीतरी सांडून वाळलंय! राजमा आहे, बाई. पांढरा!”

“पांढरा?” डेला म्हणाली. “बाईंची चिली तर लाल होती. मी दोनदा घेतली होती. पांढरा राजमा फक्त एकाच भांड्यात होता. ज्या भांड्याला पहिलं बक्षीस मिळालं, त्यात.”

सगळ्या माना एकदम मागच्या बाकाकडे वळल्या. बक्षिसाचा चकचकीत कप शनिवारपासून मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

क्विस्टसरांचं पेन थांबलं. कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. “मीटिंग फार लांबली होती,” ते हळूच म्हणाले. “शाळा सुटली होती, वर्गात कोणी नव्हतं. भांडं गार पडलं होतं. म्हटलं, अर्धा तास... पेटी चालू होती तेव्हा. वायर मीच काढली. मला वाटलं, नुसता दिवा आहे.”

बाईंना एकदम हलकं वाटलं. म्हणजे वायर त्यांनी परत लावली होती!

“सर,” डेलाने शांतपणे विचारलं, “तुमच्या चिलीत कोंबडी होती ना?”

सरांनी मान हलवली. “होती.”

“म्हणजे कोंबडी गरम राहावी म्हणून...” टकर बोलायला लागला आणि बाईंनी घाईघाईने त्याला खाली बसवलं.

तास संपल्यावर सर दाराशी घुटमळले. “बाई, पिल्लांचं तुम्ही केलंत ते बरोबर नाही.”

“नाहीच, सर.”

“मी केलं तेही नाही. पुढच्या वर्षी याच वर्गात शिकवा. मुलं फार प्रश्न विचारतात, हे मी चांगल्या अर्थाने लिहिलंय या वेळी. आणि इथे अजून एक प्लग बसवून घेतो.”

दुसऱ्याच दिवशी सुतारकाम नि वीजकाम बघणारा माणूस येऊन प्लग बसवून गेला. पेटीच्या प्लगवर सरांनी स्वतः कागद चिकटवला होता : ‘ही वायर काढू नये. आदेशावरून, मुख्याध्यापक.’

मधल्या सुट्टीनंतर बाईंनी बघितलं, तर कागदाच्या खाली पेन्सिलने, गोलसर अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं : ‘का?’

बाईंनी ते खोडलं नाही.