एकशे चाळीस किलोंचा अबोला

घाटमाथ्यावरच्या वजनकाट्यावर धोंडीराम माने आणि त्याची बहीण अनसूया यांच्यातला अबोला एकशे चाळीस किलो भरला.

गाडी धोंडीरामची. जुन्या टेम्पोत त्यानं स्वतः पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली होती. दारावर पत्रा ठोकलेला होता: भार चारशे किलो. तेवढं सामान त्यानं चोख भरलं. माणसं, पाणी आणि अबोला त्या चारशेतच धरायचे असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

दुपारी खाली कोकणात अनसूयेच्या लेकीचं लग्न होतं. मामानं हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढणार नव्हती. म्हणून अनसूया स्वतः त्याला न्यायला आली, उंबऱ्यावर अक्षत ठेवली आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसली.

काट्यावरच्या कदमबाईंनी आधी टाकीतलं पाणी सोडायला लावलं. मग गव्हाची शंभर-शंभर किलोंची दोन पोती उतरवली. तरी भार जास्तच.

"आता अबोला उतरवा."

"तो माझ्या एकट्याचा न्हाई," धोंडीराम म्हणाला.

"निम्मा तुमचा."

"तिला सांगा, आधी तिनं उतरवावा. तिच्या थोरल्या पोराच्या लग्नात मामाला सोडून व्याह्याच्या मेहुण्याला पहिला फेटा बांधला तिनं."

"त्यांना सांगा," अनसूया आतून म्हणाली, "फेट्याला डोकं जागेवर लागतं. हे मांडवामागं जनरेटर उघडून बसले होते."

कदमबाईंनी काटा पाहिला. हलला नव्हता. "माझ्यामार्फत बोललेलं उतरत नाही. तसा नियम आहे."

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. धोंडीरामनं उन्हाकडे पाहिलं. नवरीचे कान लहानपणी त्याच्याच मांडीवर टोचले होते. तो खिडकीशी गेला.

"अनशे, पाणी पितीस?"

"कुठलं पिऊ? टाकी आत्ताच रस्त्यावर ओतलीस की."

"मग वजन कशानं उतरणार?"

"आधी तोंड उघडलं असतंस, तर पाणी राहिलं असतं."

"तुला तोंड नव्हतं व्हय?"

काटा भराभर खाली आला.

"बारा किलो उरलाय," कदमबाई म्हणाल्या.

"तोबी उतरवतो."

"राहू द्या. मर्यादेत बसतो. लग्नघरात थोडा लागतोच."

त्यांनी शिक्का मारला आणि फाटक उघडलं. घाट उतरताना अनसूया फेट्याचं सगळं पहिल्यापासून सांगत होती. धोंडीराम मध्येच खोडून काढत होता. गाडी दुसऱ्या गिअरात होती. ब्रेक तापले नाहीत.