लाल म्हणजे गुडघे

औषधशास्त्र हे मुळात रंगांचं शास्त्र आहे, हे कडूबा सांडूनं मुकुंदवाडीतल्या आपल्या मेडिकलमध्ये बावीस वर्षं उभं राहून सिद्ध केलं होतं. पिवळी पोटाला, पांढरी तापाला, लाल गुडघ्याला. गुलाबीबद्दल खात्री नव्हती, म्हणून ती तो अर्धीच द्यायचा.

सरकारला हे शास्त्र मान्य नव्हतं. दुकानात फार्मसी शिकलेला, नोंदणी झालेला माणूस हजर पाहिजे, असा कायदा. कडूबानं तोडगा काढला. मुलाला, सुदर्शनला, स्थळं पाहताना त्यानं पत्रिकेआधी फार्मसीचं सर्टिफिकेट पाहिलं. लग्न लागलं, सर्टिफिकेट फ्रेम होऊन दुकानात आलं आणि सून तनुजा फुलंब्रीच्या घरी भाकरी थापायला गेली. चार वर्षांत तिची आणि सर्टिफिकेटची भेट नव्हती.

एका मंगळवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतले मेडिकलवाले नानासाहेब फोनवर आले. "कडूबा, आज औषध निरीक्षक फिरतायत. फार्मासिस्ट जागेवर नसला तर लायसन गेलं समज."

कडूबानं घरी फोन लावला. "पोरी, हाताचं पीठ धू. पांढरा कोट घाल अन् पहिल्या गाडीनं ये."

"कोटाचं आत्यांनी मसाला चाळायचं फडकं केलं, मामा."

"मग सुदर्शनचा पांढरा शर्ट घाल. निरीक्षक काय बटनं मोजणार हाय?"

तनुजा आली आणि स्वतःच्या सर्टिफिकेटखाली बसली. "तू फकस्त बसायचं," कडूबानं बजावलं. "बोलायचं काम माझं."

साडेअकराला शर्ट खोचलेला, बगलेत फाईल धरलेला एक जाडा गृहस्थ पायरी चढला. कडूबानं लगेच ओळखलं. खुर्ची दिली, पंखा वळवला, स्पेशल चहा सांगितला.

"साहेब, ही आमची फार्मासिस्ट. रोज असती. दिवाळीलाबी घरी जात नाय."

गृहस्थानं तनुजाकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

एवढ्यात स्कूटीवरून एक बाई उतरली. तोंडाला स्कार्फ असा गुंडाळलेला, की फक्त डोळे दिसावेत. "झोपेच्या गोळ्या द्या. दहा."

साहेबांपुढं दुकानाची चपळाई दिसावी म्हणून कडूबाचा हात थेट निळ्या पाकिटावर गेला. "ही घ्या. डोकं टेकलं की सकाळ."

तनुजानं तो हात धरला. "ताई, डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही."

"मग गोळ्या नाय मिळायच्या."

"अगं, साहेबांपुढं दुकानाची लाज काढती का?" कडूबा पुटपुटला.

"मामा, ही झोपेची नाहीच. ही साखरेची आहे. चांगल्या माणसानं खाल्ली तर साखर उतरून तो उठायचाच नाही."

"म्हंजे झोप लागतीच की."

बाईनं स्कार्फ सोडायला घेतला. तो लांबलचक होता. शेवटच्या वेढ्याखालून गळ्यातलं ओळखपत्र निघालं.

"मी औषध निरीक्षक."

कडूबानं खुर्चीतल्या साहेबांकडं पाहिलं. "मग तुम्ही कोण?"

"मी खोकल्याचं औषध न्यायला आलोय," गृहस्थ चहाचा शेवटचा घोट घेत म्हणाले. "फायलीत एक्स-रे आहे."

बाईंनी तासभर कपाटं तपासली आणि शेरा लिहिला : फार्मासिस्ट हजर व जाणकार, त्यामुळे लायसन कायम. फार्मासिस्टनं रोज बसावं, पुन्हा न सांगता येऊन पाहिलं जाईल. काउंटरवरच्या वयस्कर इसमास औषधांपासून लांब ठेवावं.

आता तनुजा सकाळच्या गाडीनं दुकानात जाते. कडूबा फुलंब्रीला घर सांभाळतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की, सुनेच्या हाती दुकान द्यायचं आपल्या मनात आधीपासूनच होतं.

पंधरा दिवसांनी त्याची स्वतःची गुडघ्याची लाल गोळी संपली. त्यानं दुकानात फोन केला.

"चिठ्ठी आणा, मामा."

"माझ्याच दुकानात मला चिठ्ठी?"

"सर्टिफिकेट कुणाचंय?"

शेवटी कडूबा फुलंब्रीच्या दवाखान्यात रांगेला लागला. नंबर आल्यावर त्यानं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. "हीच लिहून द्या. सहा वर्षं खातोय, लई गुण हाय."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं, कडूबाकडं पाहिलं, परत पाकीट वाचलं.

गरोदर बायकांना रक्तवाढीसाठी देतात, ती गोळी होती.